सरोवरांच्या तळातून वर आलेली विमाने

दुसरे महायुद्ध 1945 साली संपले. त्यात वापरलेल्या विमानांपैकी बहुसंख्य विमाने पुढील काही वर्षांतच मोडीत निघाली आणि त्यांचे अ‍ॅल्युमिनियम वितळवून इतर कामी आले. जी थोडी शिल्लक राहिली, ती आज वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. यांखेरीज एक तिसरा वर्ग आहे. ही विमाने कोणी जपली नाहीत आणि कोणी मोडलीही नाहीत. ती सरोवरांत पडली, तळाशी गेली आणि विस्मृतीतही गेली. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिका, ब्रिटन व नॉर्वे या देशांतील सरोवरांतून अशी अनेक विमाने वर काढण्यात आली आहेत. ती कशी काढतात आणि काढल्यावर त्यांचे काय करावे, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत. पहिल्याचे उत्तर यंत्रविद्येने बऱ्याच अंशी दिले आहे. दुसऱ्याविषयी मात्र जाणकारांतही एकमत नाही.

मिशिगन सरोवरावरील शाळा

अशी विमाने सर्वांत जास्त संख्येने सापडली ती अमेरिकेतील मिशिगन सरोवरात. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या गोड्या पाण्यात लढाऊ विमाने आली कोठून, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे. विमानवाहू जहाजाच्या आखूड, डुलत्या फलाटावर उतरणे ही वैमानिकाची अतिशय कठीण परीक्षा असते. युद्ध सुरू असताना या शिक्षणासाठी आघाडीवरील जहाजे मोकळी करणे शक्य नव्हते, आणि किनाऱ्याजवळच्या समुद्रात शत्रूच्या पाणबुड्यांचे भय होते. म्हणून अमेरिकी नौदलाने सरोवरावर उतारूंची ने-आण करणाऱ्या दोन जुन्या आगबोटी घेतल्या, त्यांच्यावर सपाट फलाट चढविला आणि शिकागो शहराजवळ शिकवणीसाठी उभ्या केल्या. ‘वुल्व्हरिन’ 1942 च्या ऑगस्टमध्ये आणि ‘सेबल’ 1943 च्या मे महिन्यात कामास लागली. कोळशावर चालणाऱ्या आणि दोन्ही बाजूंस मोठी चाके असलेल्या या बोटी पाहून कोणालाही हसू आले असते. पण युद्ध संपेपर्यंत 17,000 हून अधिक वैमानिकांनी त्यांच्यावर आपली परीक्षा दिली आणि तेथील अवतरणांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश हे त्यांपैकीच एक होत.

इतक्या अवतरणांत अपघात अटळच होते. कोणाचे इंजिन ऐन वेळी बंद पडे, कोणी फलाटाच्या कडेवरून घसरे. शंभराहून अधिक विमाने सरोवरात बुडाली. सोबतच्या नावा तत्काळ धावून जात असल्यामुळे बहुतेक वैमानिक वाचले. तरीही 8 जणांना प्राणास मुकावे लागले. विमाने मात्र जेथे पडली तेथेच राहिली. ती आधीच आघाडीवर झिजून शिकवणीसाठी पाठविलेली असत, आणि कारखान्यांतून रोज नवी विमाने बाहेर पडत असता जुनी वर काढण्याचा खर्च कोण करणार?

गोडे पाणी आणि थंडी

या विमानांचे रक्षण दोन गोष्टींनी केले. पहिली म्हणजे पाण्याचा गोडवा. कोकणातील समुद्रकाठच्या घरांच्या खिडक्यांचे गज किती लवकर गंजतात आणि घाटावरच्या घरांचे किती वर्षे टिकतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण निराळे सांगावयास नको. क्षारयुक्त पाण्यातून विद्युत् सहज वाहते आणि दोन भिन्न धातू एकमेकांस जेथे चिकटलेले असतात तेथे त्यांतील एक झपाट्याने झिजू लागतो. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी खिळे व बोल्ट असतातच. त्यामुळे समुद्रात बुडालेल्या विमानाचा थोड्याच वर्षांत सांगाडा उरतो. गोड्या पाण्यात हीच क्रिया फार मंद चालते. दुसरी गोष्ट थंडी. खोल सरोवरांच्या तळाशी बारमाही तापमान गोठणबिंदूच्या थोडेच वर असते. तेथे काळोख असतो, लाटांची हालचाल पोहोचत नाही आणि कुजविणारे जीवजंतूही सुस्त असतात. म्हणून पन्नास वर्षांनंतर वर आलेल्या विमानांच्या चाकांत कधी हवा शिल्लक असते आणि पंखांवरील रंगीत चिन्हे स्पष्ट वाचता येतात.

शोध आणि उचल

शोधाचे काम कागदपत्रांपासून सुरू होते. नौदलाच्या दप्तरांत अपघाताचा दिवस, वेळ आणि अंदाजी जागा नोंदलेली असते. त्यावरून ठरविलेल्या टापूत नौका संथपणे येरझारा घालते. तिच्यामागे दोरखंडाने बांधलेले एक यंत्र पाण्यात ओढले जाते. ते दोन्ही बाजूंस ध्वनिलहरी सोडते आणि तळावरून परतलेल्या प्रतिध्वनींचे चित्र उमटविते. एखादी वस्तू तळापासून उंच असेल तर तिच्यामागे सावली पडलेली दिसते. त्या सावलीच्या आकारावरून विमान ओळखता येते.

यानंतर पाणबुडे खाली उतरतात. इंजिनाभोवती आणि पंख जेथे धडाला जोडलेले असतात त्या बळकट भागांभोवती रुंद पट्टे घालतात आणि त्यांना जोडलेल्या पिशव्यांत हवा भरून विमान हळूहळू उचलतात. खरा धोका असतो तो पृष्ठभागाशी. पाण्यात असेपर्यंत आतल्या पाण्याचे ओझे जाणवत नाही; बाहेर येताच तेच पाणी शेकडो किलो वजनाने पत्र्यावर भार टाकते. म्हणून ते निथळेपर्यंत थांबत थांबतच उचल करावी लागते. घाई केल्यास धड मधोमध दुभंगू शकते. याखेरीज न फुटलेला दारूगोळा असण्याचा संभव असतो, आणि अंधारात चमकावीत म्हणून जुन्या तबकड्यांना लावलेल्या रंगात रेडियम असते, त्याचीही काळजी घ्यावी लागते.

रंगाखालची ठिगळे

येथून दुसरा प्रश्न सुरू होतो. वर आलेले विमान स्वच्छ करून, नवे पत्रे बसवून, ताज्या रंगाने चकाकते करावे, की जसे आले तसे ठेवावे?

मिशिगन सरोवरातून 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात काढलेल्या एका विमानाची हकीकत या दृष्टीने फार बोधप्रद आहे. ‘डॉन्टलेस’ जातीचे हे विमान 1943 च्या जूनमध्ये एका शिकाऊ वैमानिकाच्या हातून बुडाले होते. त्याचा नोंदणी क्रमांक 2106. जुन्या दप्तरांत हा क्रमांक शोधला असता असे आढळले की, 4 जून 1942 रोजी मिडवे बेटाच्या लढाईत डॅनियल आयव्हर्सन या वैमानिकाने हेच विमान जपानी विमानवाहू जहाजावर नेले होते. परतताना त्याला दोनशेंहून अधिक गोळ्या लागल्या होत्या. एका गोळीने तर आयव्हर्सनच्या गळ्याजवळील ध्वनिग्राहकाची तार तोडली. एकाच चाकावर ते विमान बेटावर उतरले आणि त्यातील दोघेही वाचले. त्यानंतर त्याची डागडुजी होऊन ते शिकवणीस पाठविण्यात आले.

फ्लोरिडा राज्यातील पेन्साकोला येथील नौदलाच्या संग्रहालयात या विमानाचे काम सुरू झाले, तेव्हा पत्र्यावर जागोजाग बसविलेली लहान लहान ठिगळे दिसून आली. दप्तरातील हकीकतीला धातूनेच साक्ष दिली. मिडवेच्या लढाईत प्रत्यक्ष उतरलेली विमाने आज जवळजवळ उरलेलीच नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या साक्षीचे मोल कळते. कारागिरांनी ती ठिगळे काढली नाहीत. प्रेक्षकांना ती आजही पाहता येतात. नव्या कोऱ्या पत्र्याच्या मोहाने तीच भंगारात टाकली असती, तर विमान अधिक देखणे झाले असते, आणि त्याचे सांगणे मात्र कायमचे नाहीसे झाले असते.

एका जातीची दोन विमाने

नॉर्वेतील सरोवरांतून काढलेली ‘हॅलिफॅक्स’ जातीची दोन बॉम्बफेकी विमाने या वादाच्या दोन बाजू दाखवितात. पहिले विमान 1942 च्या एप्रिलमध्ये ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्यात जायबंदी होऊन हॉक्लिंगेन या गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर उतरले. त्यातील सर्व जण वाचले. पायाला दुखापत झालेला एक जण पकडला गेला आणि इतर बर्फातून चालत स्वीडनमध्ये पोहोचले. विमान बर्फातून खाली गेले. 1973 साली ते वर काढण्यात आले आणि लंडनजवळील हेन्डनच्या संग्रहालयात तुटलेल्या, वाकलेल्या स्थितीतच ठेवण्यात आले.

दुसरे विमान नॉर्वेतील प्रतिकारकांना सामग्री टाकण्यास गेले असता 1945 च्या एप्रिलमध्ये मियोसा सरोवरात पडले. युरोपातील युद्ध संपण्यास तेव्हा सुमारे दोनच आठवडे उरले होते. सहापैकी पाच जण दगावले. शेपटीकडील तोफची एकटाच वाचला. 1995 साली दोनशे मीटरहून अधिक खोलीवरून ते काढून कॅनडातील ट्रेन्टन येथे नेण्यात आले. तेथे अनेक स्वयंसेवकांनी सुमारे दहा वर्षे खपून ते पूर्ववत उभे केले.

यांपैकी योग्य कोणते? ट्रेन्टनचे विमान पाहणाऱ्या मुलाला ते यंत्र केवढे होते आणि त्यात माणसे कोठे बसत हे एका दृष्टिक्षेपात कळते. हेन्डनचे विमान पाहणाऱ्याला त्या माणसांवर काय गुदरले हे कळते. दोन्ही ज्ञाने आवश्यक आहेत. परंतु एक भेद विसरून चालणार नाही. मोडके विमान उद्या दुरुस्त करता येईल; दुरुस्त केलेल्या विमानाला त्याची जुनी खूण परत देता येणार नाही. म्हणून जेथे निर्णय घेणे कठीण असेल तेथे हात आखडता ठेवावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तळाशीच राहू द्यावीत काय?

काहींचे म्हणणे याहूनही पुढचे आहे. ज्या विमानांत माणसे गेली ती त्यांची समाधीच होय. तिला हात लावू नये, असे ते म्हणतात. ही भावना आदरणीय आहे आणि कायद्यानेही तिची दखल घेतली आहे. ब्रिटनमध्ये 1986 च्या आणि अमेरिकेत 2004 च्या कायद्यान्वये अशा अवशेषांना अनुमतीवाचून हात लावता येत नाही. पण निसर्गही स्वस्थ बसलेला नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत झेब्रा व क्वागा या परदेशी जातींचे लहान शिंपले पसरले आहेत. ते धातूच्या पृष्ठभागावर थर धरून बसतात, आणि एके काळी जे विमान ओळखू येत होते ते शिंपल्यांचा ढीग होऊन जाते. तेव्हा न काढणे म्हणजे जतन करणे, असे सरसकट म्हणता येत नाही. जेथे मृतांचे अवशेष आहेत तेथे प्रथम त्यांच्या आप्तांचा विचार व्हावा, आणि जेथे ते नाहीत तेथे त्या यंत्राच्या इतिहासाचे मोल पाहून ठरवावे, हा मार्ग समंजसपणाचा आहे.

जुन्या युद्धविमानांना नवे आयुष्य देण्याचे काम आपल्या देशातही झाले आहे. महायुद्धानंतर कानपूर येथे टाकून दिलेली ‘लिबरेटर’ विमाने ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’च्या कारागिरांनी दुरुस्त केली आणि भारतीय वायुसेनेने ती 1968 पर्यंत वापरली. इतरत्र ही जात जवळजवळ नामशेष झाल्यामुळे पुढे ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथील संग्रहालयांनी ती आपल्याकडून नेली. येथे दुरुस्ती झाली ती वापरासाठी, आणि उपयोग झाला तो स्मृतीच्या जतनासाठीही.

हा विचार केवळ विमानांपुरता नाही. आपल्या घरोघरी जुनी पत्रे, हिशेबाच्या वह्या, पणजोबांची पेटी किंवा कल्हई गेलेले भांडे असते. दिवाळीच्या साफसफाईत ते घासूनपुसून नवे करण्यापूर्वी त्यावरची अक्षरे, खोचा आणि ठिगळे एकदा पाहून घ्यावीत, आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यांची हकीकत विचारून ती लिहून ठेवावी. पेन्साकोलाच्या कारागिरांना ठिगळांचा अर्थ लागला, तो कोणी तरी 1942 साली ती हकीकत कागदावर उतरवून ठेवली होती म्हणूनच.