बगदादचं मडकं फॉरवर्ड करण्याआधी

आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून एकदा तरी ते मडकं येतं. मातीचं भांडं, आत तांब्याची नळी, नळीत लोखंडी सळई आणि खाली ओळ : ‘जगातली पहिली बॅटरी मुसलमानांनी बनवली.’ यंदा ते माझ्या भाच्याने टाकलं. त्याला काय बोलणार? इंजिनिअरिंगला असताना मीही तेच मोठ्या फख्रने पाठवलं होतं.

हे भांडं १९३०च्या दशकात बगदादजवळ मिळालं. ते इस्लामच्या आधीच्या काळातलं मानलं जातं, म्हणजे दाव्यातला अर्धा भाग तिथेच गळतो. सोबत एकही तार सापडलेली नाही. व्हिनेगर ओतलं तर थोडा करंट मिळतो हे खरं, पण तो लिंबात दोन धातू खुपसले तरी मिळतो. ज्या बॅटरीपासून पुढचं विज्ञान घडलं ती इटलीच्या व्होल्टाची, १८०० सालची.

आणि ज्या मोबाईलवरून आपण हे मडकं पाठवतो, त्याच्या बॅटरीत मोरोक्कोच्या फेझ शहरात जन्मलेल्या रशीद यझामी यांचं काम आहे. ग्रुपवर हे नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं.

तेव्हा लिथियम बॅटरी एका जागी अडली होती. निगेटिव्ह बाजूला धातूरूप लिथियम ठेवलं की पुन्हापुन्हा चार्ज करताना त्यावर काटे वाढायचे, शॉर्ट सर्किट व्हायचं, आगही लागायची. ग्राफाइट हा पर्याय होता. त्याचे थर चपात्यांच्या चवडीसारखे असतात आणि मधल्या फटींत लिथियम बसू शकतं, सहा कार्बनमागे एक. पण बॅटरीतला द्रवही त्या फटींत घुसायचा आणि ग्राफाइटचे पापुद्रे सुटायचे. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला संशोधन करणाऱ्या यझामींनी १९८०च्या सुमारास द्रवाऐवजी घन पॉलिमर वापरला आणि लिथियम आत जातं, तसंच परत बाहेरही येतं, हे दाखवलं. १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दुसऱ्या प्रकारचा कार्बन होता. ग्राफाइट नंतर आलं आणि टिकलं.

२०१४चा ड्रेपर पुरस्कार गुडइनफ, योशिनो, निशी आणि यझामी या चौघांना मिळाला. २०१९चं नोबेल मात्र गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना. इथे आपल्याकडे दुसरा फॉरवर्ड तयार होतो : ‘मुसलमान म्हणून डावललं.’ मला हे पटत नाही. नोबेल तिघांपलीकडे जात नाही आणि जपानचे निशीही बाहेरच राहिले. यझामींना ते मिळायला हवं होतं असं मलाही वाटतं, पण त्याचं कारण ग्राफाइट आहे, मजहब नाही.

मडकं आपल्याला आवडतं कारण ते आपल्याकडून काही मागत नाही. यझामींची गोष्ट मागते : स्वस्त पगार, लांबलेलं शिक्षण, फसलेले प्रयोग. मी ते टाळून सॉफ्टवेअरमध्ये आलो आणि माझं बरं चाललंय, खोटं कशाला बोलू? पण काम संपलेलं नाही, दोस्तांनो. आता स्वस्त सोडियमच्या बॅटऱ्या येत आहेत आणि सोडियम ग्राफाइटमध्ये नीट बसत नाही. निगेटिव्ह बाजूचा प्रश्न पुन्हा उघडा पडलाय.

भाचा बारावीत आहे. त्याला केमिस्ट्रीत बीएस्सी करायचंय. घरात माझं उदाहरण देऊन त्याला कॉम्प्युटरला पाठवायचं चाललंय. त्या उदाहरणातून माझं नाव काढ, असं मी आपाला सांगितलं. ती दोन दिवस बोललेली नाही.