चूल वेगळी, वायफाय वेगळं

रात्री नऊ-साडेनऊला साताऱ्याच्या मावशीचा फोन आला की तब्येतीची चौकशी मागाहून व्हायची. आधी घाई. "अगं, तुझ्या मोबाइलवर चार आकडे आलेत बघ. पटकन सांग, पंधरा मिनिटांत जातात म्हणे." माझी इकडे फोडणी तडतडत असायची आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. आकडे शोधून सांगायचे. मावशी एकेक आकडा मोठ्यानं म्हणत रिमोटवर दाबायची. मागून काका टोमणा मारायचे, "बँकवाले बोंबलून सांगतायत, ओटीपी कुणाला देऊ नका, आणि तुमचं हे काय चाललंय?" तेवढ्यात टीव्ही सुरू व्हायचा, फोन बंद व्हायचा आणि तब्येत राहूनच जायची.

मावशी मालिका बघायची ती माझ्या खात्यावर. खातं कुठल्या सेवेचं, याला महत्त्व नाही. आता सगळ्यांचंच वळण सारखं होत चाललंय. वाट पाडली ती नेटफ्लिक्सनं, आणि तीही स्वतःच्याच शब्दांवरून मागे फिरून. पासवर्ड दुसऱ्याला देणं म्हणजेच प्रेम, असं ट्वीट याच कंपनीनं मार्च २०१७ मध्ये केलं होतं. त्याच्या काही महिने आधी तिचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज म्हणाले होते की नवरा-बायको, मुलंबाळं पासवर्ड वापरणारच, त्याच्यासोबत जगायला शिकलं पाहिजे. कंपनी वाढत होती तोवर फुकट बघणारा माणूस हा उद्याचा गिऱ्हाईक होता. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीनं तिमाहीचा हिशेब मांडला, तर दहाएक वर्षांत पहिल्यांदाच वर्गणीदार घटले होते. घट दोन लाखांचीच, पण शेअर एका दिवसात सुमारे ३५ टक्के आपटला. त्याच हिशेबात कंपनीनं जगाला एक आकडा सांगितला. पैसे भरणारी घरं २२ कोटी २० लाख, आणि त्यांच्या पासवर्डवर बघणारी आणखी १० कोटींहून जास्त. कालचं प्रेम एका तिमाहीत थकबाकी झालं.

मग टप्प्याटप्प्यानं दोर आवळला गेला. चिली, पेरू आणि कोस्टा रिकात प्रयोग आधीच सुरू झाला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅनडा, न्यूझीलंड, पोर्तुगाल आणि स्पेन. मे महिन्यात अमेरिकेसह शंभरावर देश. भारताचा नंबर लागला २० जुलै २०२३ ला. पद्धत अशी, की तुमचा टीव्ही ज्या इंटरनेटवर चालतो ते तुमचं घर. इंटरनेटचा पत्ता, उपकरणाची ओळख आणि खात्यावरची हालचाल पाहून यंत्र ठरवतं, की हा टीव्ही घरातला की बाहेरचा. बाहेरचा वाटला की आकडे मागतं.

लोक चिडले. 'खातं बंद करतो' असे इशारे जगभर दिले गेले. स्पेनमध्ये तर २०२३ च्या पहिल्या तीन महिन्यांत दहा लाखांवर प्रेक्षक गेले, असं कांटार या संस्थेच्या पाहणीत दिसलं. कंपनीचं दिवाळं वाजणार, अशी भाकितं झाली. पुढे अमेरिकेत काय झालं? घोषणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत तिथे रोज सरासरी ७३ हजार नवी खाती उघडली गेली, आधीच्या दोन महिन्यांच्या सरासरीच्या दुप्पट, अशी नोंद अँटेना या संस्थेनं केली. एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत जगभरात ५९ लाख वर्गणीदार वाढले, त्यापुढच्या तिमाहीत ८८ लाख, आणि वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत १ कोटी ३१ लाख. २०२४ सरताना एकूण आकडा ३० कोटींपलीकडे गेला होता. हे पाहून बाकीचे गप्प थोडेच बसणार? डिस्नीनंही तोच रस्ता धरला. अॅमेझॉन प्राइमनं जानेवारी २०२५ पासून भारतात पाच उपकरणांची मर्यादा घातली, त्यात टीव्ही दोनच.

आपल्याकडे तर राग नीट पेटलाही नाही. कारण सरळ आहे: दर. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं भारतातले दर उतरवले होते. मोबाइलवरचा १९९ चा प्लॅन १४९ ला आला, ४९९ चा १९९ ला. वर बंदी लागू झाल्यावर महिनाभरातच जिओनं नेटफ्लिक्ससकट प्रीपेड रिचार्ज बाजारात आणले, १,०९९ आणि १,४९९ रुपयांचे. भांडत बसण्यापेक्षा रिचार्ज मारलेला परवडतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हॉस्टेलच्या पोरांचा हिशेब मात्र खरंच कोलमडला. ६४९ चा प्लॅन, चार स्क्रीन, चौघांचे प्रत्येकी १६२ रुपये महिन्याच्या एक तारखेला गोळा करणारा एक पोरगा मजल्यामजल्यावर असायचा. ती चौघं एका वायफायवर आहेत तोवर ठीक. सुट्टीत चार गावांना पांगली की आकड्यांचे फोन सुरू.

कंपनीनं पैसे मागितले यात मला गैर काही वाटत नाही. मालिका, सिनेमे करायला पैसा लागतो आणि तो कुणीतरी भरायचा असतो. पण फुकट बघणाऱ्याकडे 'चोर' म्हणून पाहायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण तुमच्या हातात आहे. हा अंक एक जण विकत घेतो. तो घरात चौघं वाचतात, शेजारचे आजोबा कोडं सोडवायला नेतात, दुपारी तो सलूनमध्ये पोचतो. आमच्या धंद्यात यावर कुणी रडत नाही. उलट वाचकसंख्येची पाहणी होते, एका प्रतीमागे वाचक किती ते मोजलं जातं, आणि तो आकडा जाहिरातदारापुढे अभिमानानं ठेवला जातो. जाहिरातीवर जगणाऱ्याला उसना वाचक म्हणजे भांडवल आणि वर्गणीवर जगणाऱ्याला उसना प्रेक्षक म्हणजे खोट. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमानं अख्ख्या देशाला फुकट दाखवली, तेव्हा कुणाच्या मोबाइलवर कोण बघतंय हे कुणी विचारलं नाही. तेव्हा प्रश्न नीतीचा नसून पैसा कुठून येतो याचा आहे. तो तसा मांडला तर भांडणच नाही.

मला खटकतं ते दुसरंच. पैसे मागता मागता कंपनीनं कुटुंब कशाला म्हणायचं, हेही ठरवून टाकलं. आपल्याकडे या प्रश्नाची दोन सरकारी उत्तरं आहेत. जनगणनेत एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. कामामुळे एखाद्याला जेवायला येता आलं नाही तरी त्याचं नाव कटत नाही. आयकर खातं त्याहून दिलदार. हिंदू अविभक्त कुटुंबाचं पॅन कार्ड वेगळं मिळतं. मग एक भाऊ साताऱ्यात, दुसरा बंगळुरात आणि चुली दोन असल्या तरी चालतं. जनगणनेच्या हिशेबात माझी मावशी माझ्या घरात बसत नाही, आणि आयकराच्या हिशेबातही नाही, कबूल. पण शिकायला नगरला राहिलेला मुलगा, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे राहणारे आई-वडील, यांना कुठलाही शहाणा माणूस परकं म्हणणार नाही. वायफायच्या राउटरला मात्र ती परकी वाटतात, कारण त्याला भिंतीपलीकडचं दिसत नाही.

यावर उपाय नव्हता असं नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये महिना ७.९९ डॉलर जादा भरून घराबाहेरच्या एकाला खात्यात घेता येईल, अशी सोय नेटफ्लिक्सनं केली. पण तो माणूस त्याच देशातला हवा. म्हणजे न्यू जर्सीतली लेक शेजारच्या मैत्रिणीला घेऊ शकते, कोल्हापुरातल्या आईला नाही. भारतात बंदी आणताना ही सोय दिलीच नाही. दर आधीच उतरवलेत, ज्यानं त्यानं आपापलं खातं काढावं, असं उत्तर होतं. पैसे द्यायला तयार असलेल्या मुलालाही आई-वडलांसाठी आपल्याच खात्यात जागा विकत घेता आली नाही.

साताऱ्यात तो प्रश्न सुटलाय. काकांनी रिचार्ज बदलला, त्यासोबत त्यांचं स्वतःचं खातं आलं, आणि मावशी त्यावर हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका खुशाल बघते. तिचं काही अडलं नाही. अडलं असेल तर माझंच. माझ्या खात्यात तिच्या नावाचा चौकोन होता. त्यात 'अर्धवट राहिलेलं' या ओळीवरून कळायचं, की बाईसाहेब काल चौथ्या भागापर्यंत गेल्या, म्हणजे गुडघा दुखत होता आणि झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी आपण होऊन फोन करायला तेवढं निमित्त पुरायचं. आता निमित्त स्वतः शोधावं लागतं, आणि शोधावं लागलं की ते पुढे ढकललं जातं.

म्हणून कंपन्यांकडे मागणं एवढंच आहे. जादा माणसाचे जादा पैसे लावा, शंभर म्हणा, दीडशे म्हणा. ज्याला परवडेल तो देईल, नाही तो सोडेल. पण माझी माणसं कोणती ते माझ्याकडून लिहून घ्या, राउटरला विचारू नका. येत्या जनगणनेला प्रगणक दारात येईल, तेव्हा तोसुद्धा विचारील, "घरात कोण कोण?" आणि आपण सांगू ते लिहून घेईल.