‘मनाचं आहे’ म्हणजे खोटं आहे काय?

दुखणाऱ्या बाईला गप्प करायला दोन शब्द पुरतात : ‘मनाचं आहे.’

आमच्या चिखली तालुक्यातल्या उंद्रीत हे शब्द घरोघरी ऐकू येतात. मीही ऐकले. पाच वर्षं कंबर आणि गुडघे दुखतात. एका दवाखान्यात फोटो काढला, त्यात काही निघालं नाही, आणि निकाल लागला : ‘बाई, फार विचार करू नका.’ घरी त्याचा अर्थ झाला, ‘सोंगं करते.’

यावर आपण बाया चटकन म्हणतो, ‘नाही हो, मनाचं नाही, खरंच दुखतं!’ हे उत्तर मला पटत नाही. मनाचं ते खोटं, हे त्यांचं म्हणणं आपण त्यातच कबूल करून बसतो.

शास्त्र काय सांगतं? 1965 साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात कमीजास्त होतो आणि मेंदूही त्यात हात घालतो. काळजी, भीती, अपुरी झोप यांनी दुखणं खरोखर वाढतं. तीन महिन्यांवर टिकलेली वेदना हा स्वतःच एक आजार असू शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत मान्य झालं आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये स्पष्ट म्हटलं की माणूस दुखतं म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा मान राखावा. म्हणजे ‘मनाचाही भाग आहे’ या वाक्यानं उपचार सुरू व्हायला हवेत. आपल्याकडे त्याच वाक्यानं बाईला घरी पाठवतात.

आणि हे मन राहतं कुठं? निंदणाच्या ओळीत, सोयाबीनच्या सोंगणीत, कापसाच्या वेचणीत. तज्ज्ञ सांगतात : भीतीनं अंथरूण धरू नका, हालचाल ठेवा, काम तोडून तोडून करा, मध्ये थांबा. सल्ला सोळा आणे खरा. पण सोंगणी एकराच्या गुत्त्यानं घेतलेली असते. एक थांबली तर बाकीच्यांची मजुरी अडते. घरी आल्यावर पाणी, भाकरी, भांडी आहेतच. 2019 च्या सरकारी पाहणीत घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला 299 मिनिटं घालवते आणि पुरुष 97, असं दिसलं. जिचा दिवस तिच्या हातात नाही, तिनं थांबायचं कधी? मग ‘आता माझं कसं होईल’ हा विचार डोक्यातून जात नाही. त्याला तिच्या मनाचा दुबळेपणा म्हणणं हा अन्याय आहे.

वरून आपलं कौतुक कशाचं, तर सोशिकपणाचं! ‘आमची सून कधी तोंडातून ब्र काढत नाही.’ दुखणं अंगावर काढायचं, गोळी गिळून पुन्हा वाकायचं आणि एक दिवस उठताच येत नाही. याला दुखण्याशी जमवून घेणं म्हणत नाहीत. हे झिजणं आहे.

ऐकून न घेण्याचं दुसरं टोक बीडला दिसलं. 2019 मध्ये तिथल्या 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पोट दुखतं, अंगावरून जातं म्हणून गेलेल्या कित्येकींना थेट शस्त्रक्रियाच सांगितली गेली. पिशवी गेली, डोक्यावरची मोळी राहिलीच. कुठं बाईचं मन नाकारायचं, कुठं शरीर कापायचं. तिचं आयुष्य मात्र कुणी विचारायचं नाही!

म्हणून मैत्रिणींनो, मागणी स्पष्ट करू या. ग्रामीण रुग्णालयात व्यायाम शिकवणारं आणि मनाचं ऐकून घेणारं माणूस ठरल्या दिवशी बसलं पाहिजे. तपासणाऱ्यानं ‘कुठं दुखतं’ याबरोबर ‘झोप लागते का, कामाला हातभार कोण लावतं, घरी मारहाण होते का’ हेही विचारलं पाहिजे. गुत्ता ठरवतानाच विसाव्याची वेळ ठरली पाहिजे. पाण्याचा हंडा घरातल्या पुरुषानंही उचलला पाहिजे. आणि बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की अर्धा तास दुखण्यावर बोललं पाहिजे, कारण एकटीनं सोसलेलं दुखणं दुप्पट होतं.

यापुढं कुणी ‘मनाचं आहे’ म्हटलं, तर विचारा : ‘असेल. मग त्यावर उपाय काय करता, ते सांगा.’