डॉक्टर, तुमच्या हातात काय आहे?

मागच्या महिन्यात काकांना घेऊन दवाखान्यात गेले होते. दिवसाला चार-पाच खर्रे खाऊन त्यांचं तोंड आता नीट उघडतच नाही. डॉक्टर तरुण होते, बोलायलाही चांगले. टॉर्च मारून म्हणाले, "काका, आजपासून खर्रा बंद." काकांनी मान हलवली.

अर्ध्या तासानं आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर चहाला थांबलो. तिथं तेच डॉक्टर सिगारेट ओढत उभे. काका म्हणाले, "पाह्यलं का? त्यायलेच सुटत नाही अन् मले सांगते!"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मेडिकलच्या मित्रांना हे सांगितलं तर म्हणाले, "यार, आम्हाला सगळं माहिती आहे. सलग 24 तास ड्युटी करून बघ, मग बोल." ड्युटीचा ताण खराच आहे. पण गंमत बघा, सिगारेटचा धोका जगाला नीट कळला तो डॉक्टरांच्याच सवयींवरून. 1951 मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी डॉक्टरांना पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही किती ओढता? पुढे 34 हजारांवर पुरुष डॉक्टरांची 50 वर्षं नोंद ठेवली गेली. ओढत राहिलेले सरासरी 10 वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांचा मात्र जवळजवळ सगळा धोका टळला. डॉल यांनी स्वतःही सिगारेट सोडली होती.

आपल्याकडे तर डॉक्टरच्या शब्दाला जास्तच वजन आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यातले बहुतेक खाणारे. त्याच पाहणीत देशभरात डॉक्टरकडे किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडे गेलेल्या तंबाखू खाणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांना 'सोडा' असा सल्ला मिळाला होता. म्हणजे सांगणारे आधीच कमी. त्यात सांगणाऱ्याच्याच खिशात पाकीट असेल, तर ऐकणार कोण?

'ड्युटीनंतर मी काय करतो हा माझा प्रश्न' हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. गेटबाहेरच्या टपरीवर पेशंटही चहा पितो.

डॉक्टरांनी साधुसंत व्हावं असं नाही. व्यसन त्यांनाही लागतं आणि सोडायला मदत त्यांनाही लागते. मेडिकल कॉलेजांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून द्यावी, कारण पहिला झुरका हॉस्टेलवरही मिळू शकतो. 1800-11-2356 ही सरकारी मोफत हेल्पलाइन पेशंटला सांगायची असते, तशीच स्वतः फिरवायचीही असते.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले असते, "काका, मीही सोडायचा प्रयत्न करतोय, तुम्हीही करा," तर काकांनी ऐकलं असतं असं मला वाटतं. निदान त्यांना बहाणा तरी मिळाला नसता.

पुढच्या महिन्यात काकांना परत दाखवायला न्यायचं आहे. चहा आम्ही त्याच टपरीवर घेणार आहोत.