फरक विचारू नका, निवड करायला लावा

सांगलीत मी इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला, की कराड, वाई, विटा, तासगावची पोरं एक तक्ता घोकायला लागतात : अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांतील फरक. त्यातली एक ओळ ठरलेली, 'इंटरफेसमधल्या मेथडला बॉडी नसते'. २०१४ साली जावा ८ मध्ये डिफॉल्ट मेथड आल्या आणि ही ओळ खोटी ठरली. तक्ता मात्र तसाच चालू आहे, कारण मुलाखत घेणाऱ्यांनाही तोच पाठ आहे.

त्यापेक्षा मुलांना काहीतरी बांधायला सांगावं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, बेदाणा, गुळाचे सौदे निघतात. शेतकऱ्याची पट्टी काढणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे, असं समजा. वजन गुणिले दर, वजा कपात, हा सांगाडा सगळ्या मालाला सारखाच. कपातीचा हिशेब तेवढा मालागणिक वेगळा ठेवायचा. सांगाडा एकदाच लिहून कपातीची मेथड रिकामी सोडली, की झाला अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास.

आता वजन कुठून येणार? दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरून किंवा ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावरून. दोन्हींचं आतलं कोड निराळं, पण 'वजन दे' म्हटल्यावर आकडा दिला पाहिजे, एवढा करार दोघांनी पाळायचा. तो इंटरफेस. उद्या काटा पावतीही छापू लागला, तर आणखी एक करार जोडता येतो. जावात क्लासला पालक एकच, इंटरफेस मात्र कितीही, हे मग वेगळं घोकावं लागत नाही.

इतर भाषांत दिसणारा प्रोटोकॉल हा इंटरफेसच्याच घरातला. जावाने इंटरफेसची कल्पना ऑब्जेक्टिव्ह-सीच्या प्रोटोकॉलवरूनच उचलली. स्विफ्टमध्ये करार पाळतो असं जाहीर करावं लागतं. पायथनमध्ये ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून, तसं जाहीर न करता नुसती मेथड जुळली तरी टाइप-चेकर मान्य करतो. त्यामुळे दुसऱ्याने लिहिलेला काटा त्याच्या कोडला हात न लावता आपल्या प्रोग्रॅममध्ये बसतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 'कमवा आणि शिका' रुजवलं. हाताने काम करून शिकायचं, हा त्याचा गाभा. त्याच मुलखात प्रोग्रॅमिंग पाठांतराने शिकवणं शोभत नाही. मुलाखतकारांनो, प्राध्यापकांनो, तक्ता विचारणं थांबवा. मुलांना पट्टीचा प्रोग्रॅम द्या आणि क्लास कुठे, इंटरफेस कुठे, का, एवढंच विचारा.