अद्भुताच्या प्रदेशात

मनुष्याला जशी अन्नाची भूक असते, तशीच नवलाचीही भूक असते. पहिली पोट भरले की शमते; दुसरी मात्र बालवयात सर्वांत प्रखर असते आणि ती भागविण्यासाठी मूल गोष्टीकडे धाव घेते. पूर्वी ही गोष्ट बहुधा आजीच्या तोंडून येई. आता ती पुष्कळदा छापील पानांतून येते. इंग्रज लेखिका जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटरची कथामाला १९९७ ते २००७ या काळात सात भागांत प्रसिद्ध झाली आणि मराठीतही आली. उडणारे झाडू, बोलणारी चित्रे आणि जादू शिकविणारी शाळा यांनी भरलेले तिचे जाडजूड भाग मुले एकेका बैठकीत वाचून काढतात. जेवणाची हाक त्यांना ऐकू येत नाही आणि कंदील असो की विजेचा दिवा, तो मालवण्याची वेळ झाली तरी पान मिटवत नाही.

वडीलधाऱ्या माणसांना हे फारसे रुचत नाही. त्यांचे म्हणणे सरळ असते. गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात रोवणीचे दिवस आलेले असतात. बांध्यांत गुडघाभर चिखल झालेला असतो. बाया वाकून पऱ्हे लावीत असतात. आणि अशा वेळी घरचे एक शाळकरी मूल ओसरीवर पुस्तकात तोंड खुपसून जादूगारांच्या राज्यात हिंडत असते. मग कोणी म्हणते, "जे जगात नाही ते वाचून काय उपयोग? हे वाचन नव्हे, हा खऱ्या जगापासून काढलेला पळ आहे." साहित्याची चर्चा करणारे पंडितही अशा लेखनाला कधी कधी 'पलायनवादी' असे नाव देतात. आक्षेप जुना आहे आणि तो काळजीपोटी घेतलेला असल्यामुळे त्याचा विचारही नीट केला पाहिजे.

पलायन आणि प्रवास या दोहोंत माणूस आपली जागा सोडून जातो. पण त्या दोन गोष्टी एक नव्हेत. हिवाळा आला की उत्तरेकडील गारठलेले प्रदेश सोडून रानबदकांचे थवे नवेगावबांधच्या विस्तीर्ण तलावावर उतरतात आणि ऊन तापू लागले की पुन्हा उत्तरेची वाट धरतात. त्या पक्ष्यांना पळपुटे कोणी म्हणत नाही. त्यांचे जाणे त्यांच्या जगण्याचाच एक भाग आहे आणि परतणे हा त्या जाण्याचाच दुसरा अर्धा भाग आहे. पळणाऱ्याला परत यायचे नसते. प्रवाशाला यायचे असते. अद्भुत कादंबरी वाचणारे मूल या दोहोंपैकी कोण, हे ते पुस्तक हाती घेते यावरून ठरत नाही. पुस्तक मिटल्यावर ते काय करते यावरून ठरते.

शिवाय अद्भुतकथा म्हणजे दुःखाचे नाव नसलेला गोड प्रदेश, हा समजही खरा नाही. याची साक्ष काढण्यासाठी दूर जायला नको. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पद्मपूर नावाचे गाव आहे. संस्कृत नाटककार भवभूती हा ज्या पद्मपुराचा, ते हेच असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी मानले आहे; आमगावच्या महाविद्यालयालाही या कवीचेच नाव दिलेले आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या या कवीने 'उत्तररामचरित' हे नाटक लिहिले. त्याच्या तिसऱ्या अंकात एक विलक्षण योजना आहे. सीतेचा त्याग करून बारा वर्षे लोटल्यावर राम पंचवटीत येतो. त्याच वेळी सीताही तेथे असते. परंतु भागीरथीच्या कृपेने ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. तमसा नदी तेवढी मानवी रूप घेऊन तिच्या सोबतीला असते. राम जुन्या खुणा पाहून व्याकुळ होतो, मूर्च्छित पडतो आणि न दिसणाऱ्या सीतेच्या स्पर्शाने सावध होतो. इतकी वर्षे जिच्या मनात त्यागाचे शल्य रुतून बसले होते, ती सीता रामाचे दुःख स्वतःच्या कानांनी ऐकते.

माणूस अदृश्य होणे ही गोष्ट जगात घडत नाही, हे भवभूतीला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरी त्याने ती योजिली; कारण जे समोरासमोर बोलले गेले नसते, ते या अद्भुताच्या आडूनच बोलले गेले. येथे जादू दुःखापासून दूर नेत नाही. ती दुःखाच्या अगदी जवळ नेते.

आता या जुन्या नाटकाशेजारी आजची कादंबरी ठेवून पाहावी. 'हॅरी पॉटर आणि परीस' या पहिल्या भागातल्या नायकाला आईबाप नाहीत. मावशीच्या घरी जिन्याखालच्या अंधाऱ्या फडताळात त्याचे बालपण गेलेले असते. जादूच्या शाळेत आल्यावर त्याला एक झगा मिळतो. तो अंगावर घेतला की माणूस दिसेनासा होतो. हा झगा घेऊन रात्री हिंडत असता त्याला एक आरसा सापडतो. त्या आरशात माणसाचे रूप दिसत नाही. त्याच्या मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. पोरक्या मुलाला त्यात आपले मृत आईबाप हसताना दिसतात. मग रात्रीमागून रात्र तो त्या आरशापुढे जाऊन बसतो. त्याला दुसरे काही सुचेनासे होते. अखेर शाळेचे वृद्ध मुख्याध्यापक त्याला भेटतात. ते रागावत नाहीत. हा आरसा ज्ञानही देत नाही आणि सत्यही देत नाही, आणि त्याच्यापुढे बसून कित्येकांनी आपले आयुष्य वाया घालविले आहे, एवढे ते त्याला समजावून सांगतात. स्वप्नात रमून जगणे विसरू नये, असा त्यांच्या बोलण्याचा भाव असतो.

वडीलधाऱ्यांनी ज्या पुस्तकावर पळपुटेपणाचा आरोप ठेवला, त्याच पुस्तकात त्या दोषाचे इतके स्पष्ट चित्र असावे, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. चांगली अद्भुतकथा वाचकाला दूर नेते खरी; पण परतीची वाटही तीच दाखवून ठेवते.

मराठीतील एका लेखकाचे उदाहरण येथे आठवते. द्वारकानाथ माधव पितळे हे तरुणपणी सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेले असता कड्यावरून पडले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे झाले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी वाचनाचा आश्रय घेतला आणि पुढे स्वतः लेखणी उचलली. हेच 'नाथमाधव' होत. १९१३ मध्ये त्यांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ती आवडीने वाचली. ज्याचे पाय चालत नव्हते, त्याने हजारो वाचकांना साहसाच्या वाटांवर हिंडवून आणले. याला पळ म्हणावे काय? त्याच लेखणीने पुढे शिवकालावर कादंबऱ्या लिहिल्या आणि 'डॉक्टर'सारखी सामाजिक कादंबरीही लिहिली. कल्पनेच्या प्रदेशातून आलेला हा प्रवासी रिकाम्या हाताने परतला नाही.

तथापि प्रत्येक पुस्तकातून काही ना काही कमाई झालीच पाहिजे, असा हट्टही धरू नये. गोष्ट संपताच तिचे तात्पर्य विचारण्याची मोठ्यांना सवय असते. परंतु निखळ आनंद हेही एक फळच आहे. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले आहेत, त्यांत अद्भुत हा एक स्वतंत्र रस असून विस्मय हा त्याचा स्थायिभाव मानला आहे. करुण आणि वीर या रसांच्या पंक्तीला त्याला मानाचे पान मिळाले. त्याला कोणी उंबऱ्याबाहेर बसविले नाही. दिवसभर चिखलात वाकलेली माणसे दुपारी धुऱ्यावरच्या झाडाखाली घटकाभर बसतात. त्या घटकेचा हिशेब त्यांच्याकडे कोणी मागत नाही. कारण पाठ सरळ झाली म्हणजे रोवणीही सरळ होते. मनालाही अशी सावली लागते.

अर्थात सावलीत बसण्यालाही मर्यादा आहे. झोप मोडून, अभ्यास टाकून, घरच्यांचे ओझे त्यांच्याच डोक्यावर ठेवून जो पुस्तकात दडून बसतो, तो प्रवासी नव्हे. तो आरशापुढे बसलेला मुलगा होय. त्याला हळूच जागे करणे हे वडीलधाऱ्यांचे कामच आहे. पण दोष तेथे पुस्तकाचा नसतो, मात्रेचा असतो. त्यासाठी पुस्तक हिसकावून घेणारा हात उतारा देत नाही, "कोठवर आली गोष्ट?" असे विचारीत शेजारी येऊन बसणारा हात अधिक लवकर गुण देतो. मूल गोष्ट सांगू लागते आणि सांगता सांगता आपणच या जगात परत येते.

ज्या मुलाने अदृश्य सीतेची व्यथा ऐकली, पोरक्या मुलाबरोबर आरशात पाहिले, त्याला वर्गातल्या एकट्या बसणाऱ्या सोबत्याचे मन ओळखणे कदाचित थोडे सोपे जात असेल. तसे झाले तर उत्तमच. पण तेवढे झाले नाही आणि नुसताच एक संध्याकाळ आनंद झाला, तरी ती संध्याकाळ व्यर्थ गेली असे म्हणता येणार नाही. पुस्तक मिटावे, हातपाय धुवावेत आणि उद्याच्या कामाला लागावे. अद्भुताचा प्रदेश कोठे जात नाही. पुढल्या सवडीला तो त्याच पानावर वाट पाहत असतो.