मुलाला ‘काय करणार?’, मुलीला ‘कधी करणार?’

राहू बेटातल्या मुस्लिम घरांत पदवीचा निकाल लागला की पाहुणे विचारपूस करायला येतात. मुलगा पास झाला असेल तर विचारतात, ‘आता काय करणार?’ मुलगी पास झाली असेल तर विचारतात, ‘आता कधी करणार?’ पहिला प्रश्न मुलाला विचारला जातो. दुसरा मुलीला विचारतही नाहीत, तिच्या अब्बांना विचारतात. ती तेव्हा आत चहा करत असते.

माझे म्हणणे सरळ आहे. पदवीनंतर काय करायचे, हे पदवी मिळवणाऱ्याने ठरवायचे असते. मुलाच्या बाबतीत आपण हे मान्य केले आहे. तो भरकटला, दोनदा नापास झाला तरी. मुलीच्या बाबतीत मात्र तिचा हा हक्क आपण काढून घेतो आणि त्याला ‘जिम्मेदारी’ असे सुंदर नाव देतो. हे थांबले पाहिजे. ते थांबवायला दिल्ली-मुंबईची परवानगी लागत नाही. जमातीची एक बैठक आणि घरातले एक खरे बोलणे पुरेसे आहे.

आधी थोडा हिशेब मांडू. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. वीस वर्षांवरील मुस्लिमांमध्ये पदवीधर ४ टक्क्यांपेक्षा कमी आहेत, हे त्यातले वाक्य आपण अठरा-एकोणीस वर्षे प्रत्येक व्यासपीठावरून ऐकतो आहोत. त्यानंतर मुली पुढे आल्या. आज देशभरात उच्च शिक्षण घेणाऱ्या मुस्लिम विद्यार्थ्यांमध्ये जवळजवळ निम्म्या मुली आहेत. समाजाचा शैक्षणिक आलेख जिथे वर गेला आहे, तिथे तो मुलींनी वर नेला आहे. पण सरकारच्या श्रमबल पाहणीत कामधंद्यात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण पाहिले, तर सर्व धर्मगटांत सर्वांत खाली मुस्लिम स्त्रिया दिसतात. म्हणजे कॉलेजपर्यंतचा रस्ता उघडा आहे आणि कॉलेजच्या पुढचा बंद आहे. मधल्या दारावर कुणी मौलवी किंवा सरकारी अधिकारी उभा नाही, आपणच उभे आहोत.

ही पदवी मिळते कशी, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. राहू, पिंपळगाव, देलवडी, पारगाव, कुठलेही गाव घ्या. मुलगी सकाळी एसटीने निघते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेवढाच दिलासा. संध्याकाळी गाडी चुकली की दोन्ही बाजूंनी उसाचे फड, त्यात बिबट्याची धास्ती, म्हणून भाऊ किंवा वडील मोटारसायकल घेऊन फाट्यावर थांबतात. आई बचत गटातून कर्ज काढून परीक्षा फी भरते. तीन वर्षे सगळे घर राबते तेव्हा एक पदवी येते. मग ती पदवी कुठे जाते? स्थळासाठी केलेल्या बायोडेटात, उंची आणि रंगाच्या मधल्या ओळीत. मुलाकडचे म्हणतात, ‘मुलगी शिकलेली हवी, पण नोकरी नको.’ आपणही मान डोलावतो. तीन वर्षांची मेहनत एका वाक्यात फुकट जाते आणि कुणाला त्याचे वाईटही वाटत नाही.

‘माहौल खराब है’

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: ‘माहौल खराब है.’ हे उत्तर खोटे नाही, म्हणून त्याला हसून उडवता येणार नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी यवतमध्ये एका समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून जे झाले, ती जाळपोळ आणि तो अश्रुधूर आपण जवळून पाहिला. २ जून २०१४ रोजी हडपसरमध्ये मोहसीन शेख या तरुण इंजिनियरचा झुंडीने खून केला. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. जालना जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख एकविसाव्या वर्षी यूपीएससी उत्तीर्ण झाला. पुण्यात खोली मिळावी म्हणून आपल्याला ‘शुभम’ हे नाव सांगावे लागले, हे त्यानेच उघडपणे सांगितले आहे. पुणे आपल्याला कशी वागणूक देऊ शकते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण आता मला एक सांगा. मोहसीनचा खून झाल्यावर आपल्यापैकी कुणी मुलाला हडपसरला पाठवायचे बंद केले का? अन्सारचे ऐकून कुणी मुलाचा एमपीएससीचा क्लास सोडवला का? रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळीला जाणारी आपली मुले थांबली का? नाही थांबली. जे झाले ते मुलांवर झाले, आणि घरात बसवले मुलीला. भीती खरी असती तर ती दोघांना सारखी लागू झाली असती. जी भीती फक्त मुलीच्याच वाट्याला येते, तिचे खरे नाव ‘लोगां क्या बोलींगे’ असे आहे.

माहौल खराब असेल तर तो दुरुस्त करायची मागणी करायची असते. संध्याकाळची जादा एसटी, फाट्यावर दिवे, पुण्यात मुलींसाठी भरवशाचे वसतिगृह हे ग्रामसभेत आणि आमदारांसमोर मांडायचे विषय आहेत. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी आपण किती अर्ज केले? मुलींच्या एसटीसाठी एक तरी केला का?

‘दीन में कहाँ लिखा है’

दुसरे उत्तर धर्माचे. हजरत खदीजा व्यापारी होत्या, हे आपल्याकडे प्रत्येक जलशात सांगितले जाते. ऐकणारे ‘सुभानअल्लाह’ म्हणतात आणि घरी येऊन मुलीला दुकानाच्या गल्ल्यावर बसू देत नाहीत. मेहेर बाईच्या हक्काचा, तिची कमाई तिच्या मालकीची, हेही आपण परधर्मीयांना अभिमानाने सांगतो. मग ज्या बाईला कमावूच दिले नाही, तिच्या कमाईवरचा हक्क काय कामाचा? ज्याला या विषयात धर्म मधे आणायचा आहे, त्याने तो पूर्ण आणावा, अर्धा नको.

‘नोकऱ्या आहेत कुठे?’

तिसरे उत्तर सर्वांत पटणारे: ‘मुलांनाच नोकऱ्या नाहीत, मुलींना कुठून मिळणार?’ आरक्षणाचा इतिहास काढून दाखवला जातो, आणि तो खरा आहे. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले ५ टक्के चालू ठेवायला हरकत घेतली नाही. पुढच्या सरकारने अध्यादेशाचा कायदा केलाच नाही आणि न्यायालयाने ठेवलेलेही गेले. त्यानंतर सरकारे बदलली, आश्वासने झाली, कायदा कुणी केला नाही. या फसवणुकीचा जाब विचारलाच पाहिजे.

पण जे आज हातात आहे, त्याचे आपण काय करतो? तांबोळी, बागवान, मोमीन अशा अनेक मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. जुलै २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. याचा अर्थ ओबीसी दाखला असलेल्या पदवीधर मुलीपुढे आज तिच्या सख्ख्या भावापेक्षा जास्त वाटा आहेत. आणि आपण जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर कुणाचा काढतो? भावाचा. मुलीचा का नाही, असे विचारले तर उत्तर येते, ‘ती तर परक्या घरी जाणार.’

भावाचे पाहा. पदवी झाली की तो पुण्यात अभ्यासिकेत बसतो. एक वर्ष, तीन वर्षे, कधी पाच वर्षे. खोलीचे भाडे, मेस, क्लास हे सगळे गावाकडून जाते. परीक्षा लांबतात, निकाल अडकतात. मुख्य परीक्षा पास होऊन दीड वर्ष मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुण इंजिनियरने २०२१ मध्ये फुरसुंगीत जीव दिला, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. मुलांच्या या हालांना मी कमी लेखत नाही. पण एक लक्षात घ्या: त्या मुलाच्या न संपणाऱ्या वर्षांना आपण ‘तयारी’ म्हणतो आणि मुलीच्या एका वर्षाला ‘वय वाढतंय’ म्हणतो. त्याच्या पाचव्या प्रयत्नासाठी शेताचा तुकडा गहाण पडतो. तिच्या दोन वर्षांच्या बी.एड.साठी पैसे नसतात.

आणि वाटा काय फक्त सरकारी नोकरीच्याच आहेत? बी.एड. करून शिक्षक भरतीची परीक्षा देता येते. पदवीनंतर तीन वर्षांचे कायद्याचे शिक्षण घेता येते. दौंडच्या न्यायालयात आपल्या बायका खावटीसाठी येतात, तेव्हा त्यांचे ऐकून घेणारी वकीलबाई त्यांच्यातलीच असली तर? गुऱ्हाळे, केडगावची बाजारपेठ, पोल्ट्री, दूध संकलन यांना जीएसटीचे आणि बँकेचे हिशेब ठेवणारे माणूस लागते, आणि बी.कॉम. झालेली मुलगी ते काम गावात राहून करू शकते. राज्य सरकारच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ पासून पदवीधरांना महिना दहा हजार विद्यावेतन मिळते. ती कायमची नोकरी नाही आणि तशी समजूही नये. पण घराबाहेरच्या कामाचा पहिला अनुभव म्हणून तिचा उपयोग आहे.

सुरक्षा कशात आहे?

शेवटी सगळे बोलणे एका वाक्याशी येऊन थांबते: ‘लग्न झालं की पोरगी सुरक्षित.’ खरेच? १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. चांगला निकाल आहे. पण पोटगी मागायची म्हणजे वकील, तारखा, दौंडच्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला भावाकडे हात पसरणे. जिच्या हातात स्वतःची कमाई आहे, तिला हा निकाल आधार देतो. जिच्या हातात काही नाही, तिला तो फक्त रांगेत उभे करतो. मुलीची सुरक्षा तुम्ही जावयाच्या स्वभावावर सोडता आणि त्याला काळजी म्हणता.

इथे सुधारणावाद्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या सचिवालयावर नेला. तलाक आणि बहुपत्नीत्वाचा प्रश्न तेव्हापासून आपण लावून धरला, आणि तो लावून धरायलाच हवा होता. पण मोडलेल्या लग्नावर साठ वर्षे बोललो, आणि लग्नाआधीच्या, पदवीनंतरच्या त्या पहिल्या वर्षावर किती बोललो? गुणगौरव समारंभात तिला ट्रॉफी देऊन फोटो काढला की आपले काम संपते. पुढच्या वर्षी ट्रॉफी घ्यायला दुसरी मुलगी असते. गेल्या वर्षीची कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळातून आलेल्या निराधार मुली-बायकांना रमाबाईंनी तिथे छप्पर दिले, अक्षर दिले आणि हाताला काम दिले. विणकाम शिकवले, छापखाना चालवायला शिकवला. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच बायकांनी छापले. त्यांच्या धर्माशी आपला संबंध नाही, त्यांच्या पद्धतीशी आहे. ज्यांच्यामागे बाप नव्हता, भाऊ नव्हता, त्या सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात खिळे जुळवत होत्या. आपल्या मुलींमागे तर सगळे घर उभे आहे. तरी त्या थांबलेल्या आहेत.

म्हणून प्रत्येक गावच्या जमातीने चार गोष्टी ठराव करून लिहून ठेवाव्यात. पदवीच्या निकालानंतर एक वर्ष मुलीपुढे स्थळाचा विषय काढायचा नाही. तिने स्वतः काढला तर गोष्ट वेगळी. दरवर्षी जूनमध्ये गावातल्या पदवीधर मुलामुलींची यादी करायची आणि प्रत्येकाचा जातीचा, उत्पन्नाचा दाखला निघाला की नाही हे पाहायचे. जकातीतला ठराविक वाटा गरीब घरांतल्या मुलींच्या पुढच्या शिक्षणाला आणि परीक्षा फीला द्यायचा. वलीम्यातला एक पदार्थ कमी केला तरी एका मुलीचे वर्षाचे भाडे निघते. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत संध्याकाळच्या एसटीचा ठराव मांडायचा. त्या एसटीत मराठा, माळी, धनगर, बौद्ध मुलीही बसतील, म्हणून ठरावावर त्यांच्या घरच्यांच्याही सह्या घ्यायच्या.

ती शिक्षिका होईल, वकील होईल, हिशेबनीस होईल, की सगळा विचार करून लग्न करून संसार करेल, हे मी ठरवणार नाही. जमातीनेही ठरवू नये. घरी बसायचे तिने स्वतः निवडले तर तो तिचा निर्णय आहे, आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण निवडायला आधी कुणीतरी विचारावे लागते. यंदा निकाल लागेल तेव्हा अब्बांनी पाहुण्यांना एवढेच सांगावे: ‘तिलाच विचारा.’